सिंगल माल्ट : चव किती, दाम किती

वाइन शॉपच्या फळीवर एकाच डिस्टिलरीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीवर १२ वर्षांचा आकडा, दुसरीवर १८चा. दुसरीची किंमत पहिलीच्या दुपटीहून जास्त, बऱ्याचदा तिपटीच्या घरात. मग चवही दुप्पट-तिप्पट चांगली असते का? सिंगल माल्ट स्कॉच घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो. त्याचं माझं उत्तर असं, की एका मर्यादेपर्यंत आपले पैसे चवीला लागतात. त्यापुढे ते काळाला, टंचाईला आणि नावाला लागतात. ती मर्यादा कुठे येते, ते पाहण्यासाठी हा आढावा.

प्रश्न आता मूठभर शौकिनांपुरता राहिलेला नाही. स्कॉच व्हिस्की असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात स्कॉचच्या सुमारे १९ कोटी २० लाख बाटल्या आल्या. बाटल्यांच्या संख्येत भारत हा स्कॉचचा जगातला सर्वांत मोठा ग्राहक आहे. यातला फार मोठा वाटा ब्लेंडेड, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्की मिसळून केलेल्या, स्कॉचचा आहे. पण ब्लेंडवरून सिंगल माल्टकडे वळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाती माहितीपेक्षा जाहिरात जास्त पडते.

सिंगल माल्ट म्हणजे नेमकं काय

स्कॉच व्हिस्कीचे २००९चे नियम याबाबत काटेकोर आहेत. मोड आणलेल्या बार्लीखेरीज दुसरं धान्य चालत नाही. सगळी दारू एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे गाळायच्या भांड्यात, एकेक घाणा करून गाळलेली असावी लागते. ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं मुरवावी लागते, आणि बाटलीतलं अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही. रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला मात्र परवानगी आहे. बाटलीवरचं वय हे तिच्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. म्हणजे '१२ वर्षं' लिहिलेल्या बाटलीत १५ वर्षांची व्हिस्कीही असू शकते, ११ वर्षांची मात्र नाही.

नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करण्याची सक्ती आहे. बरीचशी ब्लेंडेड स्कॉच टाक्यांतून भारतात येते आणि इथे भरली जाते, त्यामुळे स्वस्त पडते. सिंगल माल्टला ही वाट बंद आहे. आपल्याकडे दोहोंच्या किमतींत एवढी दरी दिसते, त्याचं हे एक मोठं कारण.

नकाशावरून चव ओळखावी का

कायद्याने पाच प्रदेश मानले आहेत : हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आइला बेट. प्रदेशावरून चव सांगायची पद्धत लोकांच्या मनात रुजली ती विशेषतः १९८८ नंतर. त्या वर्षी युनायटेड डिस्टिलर्स कंपनीने 'क्लासिक माल्ट्स' या नावाने सहा व्हिस्की एकत्र बाजारात आणल्या : डलविनी, ग्लेनकिंची, क्रॅगनमोर, ओबन, टॅलिस्कर आणि लागावुलिन. स्पेसाइड म्हणजे गोड, आइला म्हणजे धुराची, लोलँड म्हणजे हलकी, हे सूत्र सोपं होतं आणि ते पक्कं बसलं.

व्यवहारात ते फार ताणता येत नाही. बुनाहावन आइला बेटावरची, पण तिच्या नेहमीच्या १२ वर्षांच्या व्हिस्कीत धूर जवळजवळ नाही. बेनरिआक स्पेसाइडची, पण तिच्याकडे धुराच्या व्हिस्कीही आहेत. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी एकाच आवारात तीन तऱ्हा काढते : हलक्या धुराची स्प्रिंगबँक, भरपूर धुराची लाँगरो आणि तीनदा गाळलेली, धूर नसलेली हेझलबर्न. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड विशार्ट यांनी ८६ सिंगल माल्टना गोडवा, धूर, मध, फळं, मसाला अशा १२ गुणांवर अंक देऊन त्यांचे १० गट पाडले. त्या गटांत वेगवेगळ्या प्रदेशांतल्या व्हिस्की एकत्र आल्या.

चव मुख्यतः ठरते ती तीन गोष्टींवर : बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या इंधनाच्या, धुरावर वाळवलं आहे का, स्टिलचा घाट कसा आहे, आणि आधी काय भरलेल्या पिंपात व्हिस्की मुरली. म्हणून प्रदेश बाजूला ठेवून मी चवीची चार घराणी धरतो.

पहिलं घराणं : फळं, फुलं आणि व्हॅनिला

अमेरिकेतल्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. वापरून झालेली पिंपं मग मोठ्या संख्येने स्कॉटलंडला येतात. या पिंपांतून व्हॅनिला, मध, खोबऱ्याची छटा मिळते आणि मूळ दारूतला फळांचा वास झाकला जात नाही.

ग्लेनमोरांजीच्या स्टिलच्या माना ५.१४ मीटर उंच आहेत, स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच. एवढ्या उंचीवर वाफेतले जड घटक पोचत नाहीत, खाली परततात. वर जातं ते हलकं, संत्र्या-पीचच्या वासाचं. तिची 'ओरिजिनल' दीर्घकाळ १० वर्षांची होती, २०२४ मध्ये ती १२ वर्षांची झाली. ग्लेनफिडिक १२ मध्ये पेअरचा वास स्पष्ट येतो, ग्लेनलिवेट १२ मध्ये अननसाचा. दोन्ही जगभर सर्वत्र मिळतात आणि दोन्हींचा इतिहास मोठा आहे. जॉर्ज स्मिथ यांनी ग्लेनलिवेटच्या खोऱ्यात १८२४ मध्ये कायदेशीर परवाना घेतला. ग्लेनफिडिकने १९६३ पासून सिंगल माल्ट हा स्वतंत्र माल म्हणून स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला सुरुवात केली. तोवर जवळजवळ सगळं माल्ट ब्लेंडमध्येच जात असे.

किमतीच्या दृष्टीने हे सर्वांत सोपं घराणं. ब्रिटनमध्ये या बाटल्या साधारण ३५ ते ४५ पौंडांत येतात. ४० टक्क्यांवर भरलेल्या ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिवेट जिभेवर जरा पातळ लागतात, ही माझी तक्रार आहे. त्याच पैशांच्या आसपास ४६ टक्क्यांची ॲरन १० किंवा ४६.३ टक्क्यांची डीनस्टन १२ मिळत असेल तर ती घ्यावी. दोघींचं नाव कमी गाजलेलं आहे, भरलेपणा मात्र जास्त आहे.

दुसरं घराणं : शेरीची पिंपं

स्पेनच्या हेरेस भागातली शेरी पूर्वी पिंपांतूनच ब्रिटनला येई आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळत. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ही सोय संपली. आज पिंपं मुद्दाम बनवून, त्यांत काही काळ शेरी ठेवून, मग स्कॉटलंडला धाडली जातात. साहजिकच शेरीचं पिंप बर्बनच्या पिंपाच्या कित्येक पट महाग पडतं. इथे जास्तीच्या किमतीला खरा आधार आहे.

चव मनुका, सुकं अंजीर, खारीक, अक्रोड, लवंग-दालचिनी या अंगाने जाते. मॅकॅलनचं नाव यात सर्वांत मोठं. तिची 'शेरी ओक' १२ उत्तम आहे, रंग नैसर्गिक आहे, पिंपांवर कंपनी मनापासून खर्च करते. तरीही ती घेताना आपण बऱ्यापैकी पैसे नावाचे मोजतो. पेटीवर देवगडचं नाव आलं की आंब्याचा भाव चढतो, आतलं फळ कसंही असो. तसंच हे आहे. नावाच्या आधी चव बघणाऱ्याने ग्लेनड्रोनाक १२ आणि ग्लेनफारक्लस १५ या दोन बाटल्यांकडे वळावं. ग्लेनफारक्लस १८६५ पासून एकाच ग्रँट कुटुंबाकडे आहे. तिच्या स्टिल आजही खालून थेट आगीवर तापतात. १५ वर्षांची बाटली ४६ टक्क्यांची असते आणि रंग घातलेला नसतो. ब्रिटनमध्ये ती बहुधा मॅकॅलनच्या १२ वर्षांच्या 'शेरी ओक'पेक्षा स्वस्त मिळते. तीन वर्षं जास्त मुरलेली, जास्त ताकदीची व्हिस्की कमी पैशांत मिळत असेल, तर निवड अवघड नाही.

ज्यांना शेरीचा पूर्ण जोर हवा, त्यांच्यासाठी ॲबरलॉरची 'अबुना' आहे. ती पिंपातल्या मूळ ताकदीवर, साधारण ६० टक्क्यांवर भरतात. पाणी घालूनच प्यायची असल्याने ती पुरते, हा हिशेबही ध्यानात घ्यावा. बॅल्व्हेनीची 'डबलवुड' १२ आधी बर्बनच्या आणि शेवटी शेरीच्या पिंपात मुरते. पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यामधला तो चांगला पूल आहे.

तिसरं घराणं : समुद्र, मेण आणि मिरी

या व्हिस्की एका शब्दात बसत नाहीत, आणि मला सर्वांत प्रिय आहेत. क्लाइनलिश १४ जिभेवर मेणासारखी गुळगुळीत पसरते आणि मागे लिंबाची साल ठेवते. ऑर्कनी बेटांवरच्या हायलँड पार्कच्या पीटमध्ये हीदर या झुडपाचा अंश मोठा, म्हणून तिचा धूर गोडसर, मधाला लागून येतो. स्प्रिंगबँक आपलं सगळं बार्ली आजही स्वतःच्याच जमिनीवर पसरून, फावड्यांनी परतून मोड आणते. तिची १० वर्षांची व्हिस्की खारट, तेलकट, फळांची, किंचित धुराची, असं सगळं एकत्र देते. दुर्दैवाने मागणी इतकी आहे की मूळ किमतीत ती क्वचितच दिसते. चढ्या भावाने घेण्याऐवजी शेजारच्याच ग्लेनगाइल डिस्टिलरीची किलकेरन १२ पाहावी. दोन्ही डिस्टिलऱ्या एकाच कंपनीच्या आहेत.

स्काय बेटावरची टॅलिस्कर १० जरा जवळून पाहू. ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात ३० मिली ओतून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवावी. नाक आत न खुपसता ग्लासाच्या काठाशी आणलं की आधी शिजवलेल्या सफरचंदाचा गोडवा येतो, मागून ओल्या खडकांचा, खाऱ्या वाऱ्याचा वास. पहिला घोट लहान घेऊन जिभेवर फिरवावा : गोड, मग खारट, मग हलका धूर. गिळल्यावर काही क्षणांनी काळी मिरी घशाशी पेटते आणि बराच वेळ राहते. आता चमचाभर साधं पाणी घातलं तर मिरी मागे सरते आणि फळ पुढे येतं. पाण्याने व्हिस्की बिघडते हा समज चुकीचा आहे. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकावरच्या अभ्यासातून दाखवलं, की पाणी घातल्यावर धुराचा वास देणारे ग्वायाकोलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाच्या जवळ, जास्त जमतात. बर्फ मात्र वास दाबतो. महाग माल्टमध्ये तो घालणं म्हणजे दिलेल्या पैशांवर झाकण ठेवणं.

चौथं घराणं : पीटचा धूर

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर ओलं बार्ली सुकवतात. धुरातल्या फिनॉलचं प्रमाण माल्टमध्ये मोजलं जातं : लागावुलिन ३५च्या आसपास, लॅफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५, दहा लाख भागांमागे. गाळताना यातलं बरंच निघून जातं, म्हणून या आकड्यावरून ग्लासातला धूर ठरवू नये.

या तिन्ही डिस्टिलऱ्या आइला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, तिन्हींची स्थापना १८१५-१६ची, आणि तिघींचे स्वभाव निराळे. लॅफ्रॉइग १० मध्ये टिंक्चर आयोडीन आणि समुद्री शेवाळ आहे; ती एक तर आवडते, नाही तर अजिबात नाही. आर्डबेग १० मध्ये डांबर, लिंबू आणि चुलीच्या राखेखाली एक निर्मळ गोडवा आहे. लागावुलिन १६ सर्वांत शांत आणि खोल, सुक्या फळांवर बसलेला धूर.

मोलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच घराण्यात सापडते. पिंपात वर्षं जातात तसा पीटचा धूर मावळत जातो. म्हणजे धूर हवा असेल तर तरुण वय हा दोष नसून गुण आहे. म्हणूनच आर्डबेग १०, ४६ टक्के, थंड गाळणी न केलेली (ती काय, हे पुढे लेबलच्या भागात येईल), ही आजच्या बाजारातली सर्वांत प्रामाणिक किमतीची बाटली आहे असं मी मानतो. लागावुलिनने २०१६ मध्ये द्विशताब्दीनिमित्त काढलेली ८ वर्षांची, ४८ टक्क्यांची व्हिस्की १६ वर्षांच्या बाटलीपेक्षा स्वस्त असूनही जास्त धारदार आहे. कूल इला १२ यांत सर्वांत सौम्य; धुराची ओळख करून घेणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

किमतीत काय काय दडलेलं असतं

स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते. १२ वर्षांत पाचव्या हिश्श्याहून जास्त, १८ वर्षांत सुमारे ३० टक्के माल हवेत जातो. शिवाय तेवढी वर्षं भांडवल अडकून पडतं, गोदाम लागतं. म्हणून वयाला किंमत असणं योग्यच आहे. पण किंमत वयाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून खूप वेगाने वाढते. आणि चव तर एका टप्प्यानंतर लाकडाकडे झुकते, कडवट, कोरडी होत जाते. २५-३० वर्षांच्या काही बाटल्या अप्रतिम असतात, पण त्या पिंपामुळे आणि निवडीमुळे. केवळ वर्षांमुळे नाही.

त्यानंतर टंचाई. १९८३ मध्ये मंदीत पोर्ट एलन डिस्टिलरी बंद पडली आणि तिच्या उरलेल्या पिंपांतल्या बाटल्या पुढे हजारो पौंडांना गेल्या. २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. शेवटी संग्राहकांचा बाजार. मॅकॅलन १९२६ची एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये २१ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. अशा व्यवहारांचा चवीशी संबंध उरत नाही, कारण ती बाटली बहुधा उघडलीच जाणार नाही. गुंतवणूक म्हणून पिंपं विकणाऱ्यांपासून सामान्य माणसाने दूरच राहावं.

लेबलवरच्या तीन ओळी

दुकानात चाखता येत नाही, पण वाचता येतं. बुनाहावन १२ची बाटली हातात घ्या. तिच्यावर ४६.३ टक्के लिहिलेलं आहे, थंड गाळणी केलेली नाही असं लिहिलेलं आहे, रंग नैसर्गिक असल्याचंही लिहिलेलं आहे. या तीन ओळींना अर्थ आहे. ४६ टक्क्यांच्या खालची व्हिस्की थंडीत किंवा बर्फाने गढूळ दिसू शकते, म्हणून कंपन्या ती गार करून गाळतात. त्यात काही तेलकट, चवीला भरीव करणारे घटकही जातात. ४६ किंवा त्याहून जास्त ताकदीला भरलेल्या व्हिस्कीला बहुधा याची गरज पडत नाही. रंग न घालणारी कंपनी दोन घाण्यांमधला फरक लपवत नाही. वयाचा आकडा नसलेली बाटली वाईटच असते असं नाही. पण आकडाही नाही, ४० टक्के ताकद आणि भारी खोकं, असा संच दिसला तर पैसे खोक्याचे जात आहेत असं समजावं.

आपल्याकडचं गणित

ब्रिटनमध्येही कर कमी नाहीत. २०२५च्या दराने ४० टक्क्यांच्या ७०० मिली बाटलीवर सव्वानऊ पौंडांच्या आसपास उत्पादन शुल्क होतं, आणि वर २० टक्के व्हॅट लागतो. भारतात २०२५ मध्ये आयात शुल्कच १५० टक्के होतं. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार ते आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यावर राज्याचे कर येतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या किमती खरोखरच खाली आल्या. गोव्यात कर कमी म्हणून बाटली स्वस्त, पण ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्कमुक्त आणता येते. ड्यूटी-फ्रीमध्ये बाटली एक लिटरची, आपल्याकडे ७५० मिलीची, ब्रिटनमध्ये ७०० मिलीची. म्हणून तुलना नेहमी लिटरच्या भावाने करावी. तिथे खास ड्यूटी-फ्रीसाठी काढलेल्या, वय न लिहिलेल्या बाटल्यांपेक्षा नेहमीच्या १०-१२ वर्षांच्या बाटलीचा एक लिटर बहुधा जास्त मोलाचा ठरतो.

स्कॉचच्या किमतीला आज खरी टक्कर देशी माल्टची आहे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोमध्ये उतरवली. गोव्याच्या कुंकळ्ळीत पॉल जॉन ही व्हिस्की तयार होते. आपल्या उष्म्यात व्हिस्की झपाट्याने मुरते आणि उडूनही स्कॉटलंडच्या कित्येक पट जाते, म्हणून त्यांच्यावर वयाचा मोठा आकडा दिसत नाही. आयात शुल्क नसल्याने, जवळपास सारख्या पैशांत ती ४० टक्क्यांच्या १२ वर्षांच्या स्कॉचपेक्षा जास्त भरीव चव देतात, असं माझं मत आहे.

निवाडा

फळांची, हलकी हवी तर ग्लेनमोरांजी ओरिजिनल किंवा ॲरन १०. शेरीची हवी तर ग्लेनफारक्लस १५. धुराची हवी तर आर्डबेग १०. एकच बाटली घ्यायची असेल तर टॅलिस्कर १०. गोड, खारट, धूर आणि तिखट हे चारही तिच्यात आहेत आणि किंमत अजून जमिनीवर आहे. सिंगल माल्टमध्ये चवीसाठी दिलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला १० ते १६ वर्षं आणि ४३ ते ४८ टक्के या पट्ट्यात मिळतो. त्याच्या वर जायचंच असेल तर बाटली घेण्याआधी परमिट रूममध्ये एक ३० मिलीचा पेग मागवून पाहा. आवडला नाही तर तुमचे हजारो रुपये वाचले. आणि महाराष्ट्रात यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो, हे विसरू नका.